पक्की शाई

माझी बहीण हेमांगी समुद्राची डॉक्टर.
म्हणजे पेशंट समुद्र,
असं आई शेजारणींना समजावून सांगायची.

नाशिकला कुठला आलाय समुद्र!
तो तिकडे, कसारा उतरून, पश्चिमेला.
आणि आपली गंगा त्याच्याकडे पाठ फिरवून
निघते ती थेट पूर्वेला,
जवळचं स्थळ नाकारलेल्या मुलीसारखी.

माझं भद्रकालीत दुकान.
द्रोण, पत्रावळी, चमचे, पिशव्या. घाऊक.
दिवाळीला ती यायची गोव्याहून,
रेल्वेनेच, स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन,
गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायची,
गठ्ठ्यांकडे बघायची
आणि काही म्हणायची नाही.

मासे तिने सोडले होते, पण माळ घालून नव्हे.
मोजून सोडले.
ज्या वर्षी जो जाळ्यात लहान येऊ लागला
त्या वर्षी तो.
सुरमई शेवटी गेली. त्या दिवशी, म्हणे, ती रडली.

एकदाच म्हणाली,
कासवाच्या पोटात पिशवी सापडली, छापील.
धुऊन, उजेडात धरून नाव वाचत होते.
"आपलं नव्हतं."
मग चहा संपल्यावर,
"वाचता आलं नाही."

आई गेली मार्चमध्ये.
रामकुंडावर गुरुजी म्हणाले,
इथे अस्थी राहत नाहीत, पाणी होतात.
ही म्हणाली, समुद्रातही एक खोली असते,
तिच्याखाली शिंपला टिकत नाही.
वरून पडत राहतात, भुरभुर, वर्षानुवर्षं,
तळाला काहीच पोचत नाही.
गुरुजी म्हणाले, मग मी वेगळं काय सांगतोय?

मडकं मी आणलं होतं आमच्याच पिशवीतून.
लहामगे ब्रदर्स, भद्रकाली, फोन नंबर.
आई पाण्यात गेली
आणि हेमांगी पायरीवर वाकून
पिशवी विसळत बसली.
झटकली. चार घड्या. पर्समध्ये.
मग शेजारच्या पायरीवरची, कुणाची तरी.
मग तिच्या पुढची.
साडीचा काठ भिजत गेला
गांधी तलावापर्यंत.
मी दक्षिणा हातात धरून उभा,
हाक मारावी की खाली उतरावं,
ठरेपर्यंत ऊन कलंडलं.

रात्री गाडीत बसताना म्हणाली,
पाणी सोडलं धरणातून की
ही सगळी राजमहेंद्रीच्या पुढे जाऊन
तिकडच्या समुद्रात उतरते.
तिकडेही कासवं आहेत.
एवढंच. खिडकी बंद केली.

दुकान चालू आहे.
घर त्याच्यावर आहे, खोटं कशाला बोलू.
पातळ माल बंद केला, जाडा ठेवला,
पत्रावळी पळसाच्या, पेठहून येतात, परवडत नाहीत.
आणि छापखान्यात जाऊन सांगून आलो,
नाव मोठं टाका.
शाई पक्की वापरा, मिठाला न उडणारी.
सापडलं,
तर तिला वाचता आलं पाहिजे.