तेरा दिवसांचा पंधरवडा

ठाणेसरपासून सात कोसांवर, गव्हाच्या कडेला,
खाटेवर मी संगणक उघडून बसलोय.
वीज रात्री दोनला येणार. तोवर
शनीला मागे ढकलतो: शंभर वर्षं, हजार, तीन हजार.
नातवानं, जसमेरनं, शिकवलंय. बाण दाबून धरायचा.
आकाश गिरणीच्या पट्ट्यासारखं उलटं पळतं.

सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं.
निवृत्तीनंतर लोक तीर्थाला जातात; आमचं तीर्थ दाराशीच,
म्हणून मी महाकाव्यातलं ते युद्ध हाती धरलं
जे म्हणे याच मातीत झालं,
आमच्या पाटापासून त्या कालव्यापर्यंत.

एका ओळीत शनी रोहिणीला पीडतो.
थोडं पुढे वाचावं तर तो विशाखेपाशी.
एकच शनी, एकच महिना, आणि घरं दोन!
उत्तरपत्रिकेत कुणी असं लिहिलं असतं
तर मी समासात लाल गोल काढला असता.
इथे मात्र मीच कारणं शोधत बसतो.
पीडतो म्हणजे नुसतं बघत असेल का लांबून?
नक्कल करणारा पेंगला असेल का पहाटे?
मंगळ वक्री. महिन्यात दोन ग्रहणं.
आणि पंधरवडा तेराच दिवसांचा.
आजवर चार तारखा निघाल्या,
चारही सवतींसारख्या, एकमेकींकडे पाठ करून.

भतेरी शेकोटीत काटक्या सारते.
तिच्याआधी चार मुली झालेल्या;
भतेरी म्हणजे पुष्कळ झालं, आता पुरे.
तिला सप्तर्षी माहीत नाहीत. ती म्हातारीची खाट म्हणते:
चार खूर, आणि खाट पळवणारे तीन चोर.
मी मधल्या चोराकडे बोट करतो. हा वसिष्ठ.
त्याला चिकटून ती बारकी, अरुंधती.
युद्धाआधी ती नवऱ्याच्या पुढे चालू लागली होती म्हणे.
अनर्थ.

भतेरी डोळे बारीक करते. मोतीबिंदू. तिला एकच ठिपका दिसतो.
"गेली असेल पुढे. वाट अंधारी असेल."
मग काटकी मोडत विचारते,
"हे सगळं आधी दिसलं होतं, की नंतर आठवलं?"

एकाहत्तरच्या डिसेंबरात तिच्या भावाची तार आली.
ती नऊ वर्षांची. वाचून दाखवायला पोस्टमनच थांबला.
पुढचे तेरा दिवस अंगणात बायका यायच्या
आणि आई रोज एक नवी खूण काढायची.
म्हैस पान्हा चोरत होती.
भरदुपारी धुक्यात कोल्हा ओरडला.
वारा नसताना दिवा गेला.
माठ आपोआप तडकला.

"आम्ही कुणी यातलं काही पाहिलं नव्हतं.
माठ तर माझ्या हातून फुटला होता.
मी बोलले नाही.
आईला तो हवा होता."

पडद्यावर चौथं साल तसंच उघडं.
त्या तेरा दिवसांवर माझं बोट
जरा जास्त वेळ राहतं.

दोन वाजून चार मिनिटांनी वीज येते.
मोटार खोकते, मग धरते.
बांधावर एकालाच चालता येतं. बॅटरी घेऊन ती पुढे,
मी मागे, एक चप्पल चिखलात.
"पाचवी तारीख काढणार का?" ती न वळता विचारते.

काढणार, म्हणतो मी. शनीचं अजून जमलेलं नाही.
ती फावड्यानं पाटाचं तोंड फोडते.