कलम अकरा

हाप्सालूच्या कचेरीत, नोव्हेंबरच्या एका मंगळवारी
आम्ही पाच जण बसलो होतो
एका दाराचे नियम लिहायला,
जे दार कुणालाच दिसत नाही.

आत काय, तर आकडे.
समुद्रावरच्या बर्फाची जाडी, सेंटिमीटरमध्ये,
दर दहा मिनिटांनी, सतरा खांबांवरून.
जनतेच्या पैशाने मोजलेले, म्हणून जनतेचे;
इथवर एकमत.

मग हेल्दुरने फोनवर आवाज ऐकवला,
धापा टाकणाऱ्या सर्व्हरचा.
रीगाची कुठलीशी कंपनी सेकंदाला चारशे वेळा
तोच आकडा मागते
जो दहा मिनिटं बदलतच नाही.
फुकट ते पौष्टिक, अशा अर्थाचं काहीतरी तो पुटपुटला.

लिहिलं: प्रत्येकाला एक किल्ली.
मिनिटाला साठ हाका.
एकसष्टाव्या हाकेला नकार, पण सौम्य,
आणि त्यासोबत सांगायचं, किती वेळाने परत ये.

लेम्बित म्हणाला, हे तर बर्फावरच्या रस्त्यासारखंच.
(तीस हिवाळे त्याने त्या रस्त्यावर खुणेच्या फांद्या रोवल्या;
एपीआय म्हणजे काय ते त्याला कळत नाही,
म्हणूनच समितीत घेतलेला.)
दोन गाड्यांत अडीचशे मीटर. पट्टा बांधायचा नाही.
बर्फ सगळ्यांना पेलतो,
एकाच वेळी नाही.

हे वाक्य आम्ही कलम चारमध्ये घातलं.
वकीलबाईंनी खोडलं.

कलम अकरा: जुनी आवृत्ती एक जानेवारीपासून बंद.
वापरणारे किती? मी नोंदी चाळल्या.
एकच.
किल्ली नाही, नाव नाही.
रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी एक हाक,
उन्हाळ्यातसुद्धा, समुद्र मोकळा असताना,
उत्तर शून्य असताना.
नऊ वर्षं. एकदाही लागोपाठ दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

एकासाठी कशाला थांबायचं, असं कुणी बोललं नाही.
सगळ्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं.

नोंदीतला क्रमांक बेटापर्यंत नेतो, घरापर्यंत नाही.
शनिवारी मी बोटीने वोर्म्सीला गेले,
दुकानात विचारलं.
ओन्नेने चीजच्या कपाटावर बोट दाखवलं:
एक दिवा, बाटलीच्या काचेचा.
"हिरवा म्हणजे जा. लाल म्हणजे घरी बस."
शाळेतल्या राइमोने केलेला; तो आता नॉर्वेत, मासेमारीच्या जहाजावर.
पासवर्ड कुणाला ठाऊक नाही.
"तुम्ही दिव्याच्या खात्यातल्या का?" तिने विचारलं.
"चांगला आहे. कधी चुकला नाही."

मी मागची तार उपटली.
पाच मिनिटं थांबले. ओन्नेने एका गिऱ्हाईकाला बटाटे तोलून दिले.
दिवा लालच राहिला.

नोव्हेंबर होता, म्हणून लाल.

तार परत खोचली, हात थरथरत होता,
आणि काही न घेता कसं निघायचं म्हणून
एक मेणबत्ती विकत घेतली.

सोमवारी कलम अकरा नव्याने लिहिलं:
कोणतीही आवृत्ती बंद करण्यापूर्वी
तिच्या शेवटच्या वापरकर्त्याला भेटावे.
वकीलबाई म्हणाल्या, "भेटणे" याची व्याख्या लागेल.
मी बोटीचं तिकीट टेबलावर ठेवलं.

ते कुठल्या खात्यावर टाकायचं
हे अजून ठरलेलं नाही.