चार भोकं

वाचनालयाच्या दारावरची पाटी
मीच काढली, मंगळवारी, दार उघडायच्या आधी.
चार स्क्रू. तीन मुकाट निघाले,
चौथ्याला तेल घालावं लागलं.

पाटी लागली त्या सुनावणीलाही मी होते.
प्रत्येकाला तीन मिनिटं. वेळ मोजायला
लोरेटाबाईंनी घरून आणलेलं
अंडी उकडायचं घड्याळ.
कुणी रडलं. कुणी खिशातून संविधान काढून
कोपरा दुमडलेलं पान वाचलं.
शाळेच्या बसचा ड्रायव्हर उभा राहिला
आणि तीन मिनिटं काहीच बोलला नाही.
घड्याळ वाजलं. बसला.
पाच विरुद्ध दोन. ठराव मंजूर:
या इमारतीत बंदूक आणू नये.
गावानं आपल्याच घराला
आपल्या हातानं लावलेली कडी.

अकरा आठवडे टिकली.

मग राजधानीहून पत्र आलं.
वकील हडस्पेथ चष्मा पुसत म्हणाले,
कुत्र्यांना मनाई करायचा अधिकार गावाला आहे.
आइस्क्रीमला आहे. चिखलाच्या बुटांना,
मोठ्यानं बोलण्याला,
अंगणातलं गवत किती इंच, कुंपण किती फूट,
परसात कोंबड्या सहा की आठ,
सगळं तुमच्या हातात.
हे एवढं सोडून.
आणि हट्टाला पेटलात तर दंड
ज्याच्या त्याच्या खिशातून.
लोरेटाबाईंनी घड्याळ पर्समध्ये टाकलं.
आत ते टिकटिकत राहिलं,
कुणालाच बंद करायचं सुचलं नाही.

मी आष्ट्याची. मला बंदूक म्हणजे
सहकारी बँकेच्या दारातल्या बाबू नाईकांची दुनळी.
ते स्टुलावर बसत, नळीला डब्याची पिशवी अडकवत,
आणि शाळेतून येणाऱ्या आम्हा पोरींकडून
म्हाताऱ्यांच्या स्लिपा भरून घेत.
सगळ्या नोकरीत बार उडाला एकदाच,
साफ करताना. एक कौल फुटलं.
मॅनेजरांना तीन प्रतींत खुलासा द्यावा लागला.
एका गोळीचा हिशोब, तीन प्रतींत.
मला वाटायचं, जगात सगळीकडं असंच असतं.

ऑरिन टॅकेट दर गुरुवारी येतात.
मधमाश्यांवरची पुस्तकं नेतात,
तारखेच्या आत परत आणतात.
पाटी होती तेव्हा कमरेचं काढून
ट्रकमध्ये ठेवून यायचे,
आणि काउंटरपाशी दोन्ही तळवे दाखवायचे,
पानावर बसण्याआधी पोरं
हात धुतल्याचं दाखवतात तसे.
हसायचे. मीही हसायची.

या गुरुवारी दाराशीच थांबले.
भोकांवरून अंगठा फिरवला.
म्हणाले, लांबी भरून घ्या,
पाणी शिरलं तर लाकूड फुगेल.
आत आले. जाड कोट, जानेवारीचा.
तळवे खिशातच राहिले.
मी विचारलं नाही.
विचारायचा अधिकार राजधानीत आहे,
माझ्या टेबलावर शिक्का आहे फक्त.
मारला. तारीख जराशी तिरकी उमटली.
त्यांनी आभार मानले, नेहमीसारखेच,
आणि पुढच्या वेळी मध आणतो म्हणाले.
माणूस वाईट नाही. तेच तर.

शनिवारी साडेदहाला गोष्टींचा तास.
एकोणीस मुलं.
हल्ली सतरंजी मी
मागच्या दाराजवळ अंथरते.
कुणी विचारलंच तर सांगते,
तिथं ऊन येतं.
येतंही थोडंसं.

धाकटी मॅव्हिस मात्र पुढच्या दाराशी रेंगाळते.
खालच्या दोन भोकांत
आळीपाळीनं करंगळी घालून बघते.
वरच्या दोहोंपर्यंत हात पोचत नाही.
उचल ना, म्हणते.
मी उचलते.