पैशाचं कालमूल्य

खोली नंबर चौदा. पंख्याला दोनच वेग,
बंद आणि वादळ.
फळ्यावर मी लिहितो:
आजचे शंभर रुपये
उद्याच्या शंभरांपेक्षा मोठे असतात.
आणि जरा थांबतो,
कारण माझं ऑगस्टचं बिल
अजून कोल्हापुरात सहीला पडलंय
आणि हा फेब्रुवारी.

मी तासिका तत्त्वावर.
तास म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं,
गॅदरिंग असलं की शून्य.

अभ्यासक्रमाचं नाव भारदस्त आहे,
बी. कॉम., विशेष विषय वित्त.
माहितीपत्रकावर टाय बांधलेला एक मुलगा
आणि मागे काचेच्या इमारती.
सांगलीत एवढी काच
मी फक्त बांगड्यांच्या दुकानात पाहिलीय.

वीस भरले नाहीत तर तुकडी बंद,
प्राचार्यांनी हे तोंडी सांगितलं, जिन्यात.
एकोणीस येतात.
विसावा सुमेध ऐवळे, फी भरली
आणि चाकणच्या कुठल्याशा कंपनीत गेला.
त्याची हजेरी मी लावतो.
ह्याला काय म्हणतात
ते लेखापरीक्षणाच्या पेपरला आहे.

आज वायदा शिकवायचा होता.
पुस्तकात शिकागो, पुस्तकात मका,
एक शेतकरी, एक गिरणीवाला,
दोघंही अगदी शहाण्यासारखे वागणारे.
मागच्या बाकावरून तस्लीम नदाफ म्हणाली,
"सर, हळदीचं सांगा की."

तिचे वडील मार्केट यार्डात तोलार.
मी काय सांगणार? मी विट्याचा.
"मग तूच सांग."

ती पुढं आली, फळा पुसायचं फडकं झटकलं,
खडूचा ढग उठला,
प्रणोती मगदूमचा हात धरला
आणि वर फडकं टाकलं.

फडक्याखाली बोटं काहीतरी बोलत होती.
आम्हा बाकीच्यांना दिसत होतं
ते प्रणोतीचं तोंड,
आधी फिदीफिदी,
मग एकाएकी हिशेबी.
तिनं मान हलवली. परत बोटं. परत मान.
"झाला भाव," तस्लीम म्हणाली.
"किती?"
"ते तिला ठाऊक आणि मला."

सतराजण गप्प.
पुस्तकात ह्या धड्याला म्हटलंय
भावाचा शोध.
इथं तो झाकल्यावर सापडला.

मग ती बोलतच राहिली.
हरिपुराकडं जमिनीच्या पोटात पेवं होती, सर,
हळद खाली, पावती वर.
पावती ह्या हातातनं त्या हातात,
चार मालक बदलायचे
आणि खाली एक कुडी हलायची नाही.
आज्जा उतरायचा पेवात.
तोंड उघडून आधी हवा खेळू द्यायची,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही.
"आणि घाईच असली तर?"
"घाई पावतीवाल्याला असायची."
पुढं महापुराचं पाणी आलं
आणि पेवंच बसली.

फळ्यावर 'जोखीम' लिहिलं होतं,
त्याखाली वर्गमुळातलं एक सूत्र.
मी सूत्र पुसलं नाही,
परीक्षेला तेच येतं.
शेजारी एक कंदील काढला.
चित्रकला वाईट, पेरूसारखा दिसत होता.

घंटेला सात मिनिटं होती.
सुयोग आवटी, जो कधी बोलत नाही, म्हणाला,
"सर, तुमच्या थकलेल्या पगाराचं
आजचं मूल्य काढू का?"
कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं.
"व्याजदर काय धरू?"
मला बँकेचा दर आठवला, मग भिशीचा,
मग मेहुण्याचा, जो व्याज घेत नाही
पण दर दिवाळीला विचारतो.
"दहा धर," मी म्हणालो.

एकोणीस वह्यांत मी थोडा थोडा कमी होत गेलो.
एकाचं उत्तर उणे आलं.
तपासलं,
पायऱ्या बरोबर होत्या,
चिन्ह तेवढं चुकलेलं.

हजेरी राहिली होती. घाईनं वाचत गेलो.
"सुमेध ऐवळे."
कुणीतरी म्हणालं, "हजर."

मी वर पाहिलं नाही.
फडकं अजून टेबलावर पडलेलं.