कॉपी फुकट मिळते

वनिता, उद्या घरूनच बाटलीत पाणी घे.
पोलीस स्टेशनातला कूलर बंद आहे.
मी पहिल्यांदा गेले तेव्हा बंद होता,
दुसऱ्यांदा गेले तेव्हाही.

बाकावर बसवतील. बसायचं.
शेजारी कुणी मोबाईल हरवलेला असेल,
त्याचा नंबर आधी लागेल.
त्याला विचारतील, कुठल्या कंपनीचा, कुठल्या रंगाचा.
तुला विचारतील, आधी का नाही आलीस.
याचं उत्तर आज रात्री शोधत बसू नकोस.
मला सहावं वर्ष चालू आहे, अजून सापडलेलं नाही.

गोवारी मॅडम ड्युटीवर असल्या तर बरं.
त्या टाईप करता करता थांबतात,
"हाताने की कशाने?" विचारतात, की-बोर्डकडे बघत.
आईने कराडच्या बाजारात घासाघीस करून घेतलेला
माझ्या लग्नातला पोळपाट
कागदावर 'घरातील लाकडी वस्तू' झाला.
तुझंही तसंच होईल.
तू सांगशील ती रात्र,
तिथे उतरेल ती 'साडेअकराच्या सुमारास'.
तरी वाच. सगळं वाच, सही नंतर.
माझं तर माहेरचं गावच चुकलं होतं,
बदलायला लावलं, तेव्हा पहिल्यांदा माझा आवाज मला ऐकू आला.
आणि कॉपी मागून घे. फुकट मिळते.
तशी पाटी आहे भिंतीवर,
पाटीपुढे कपाट आहे.

मग वाशीचा दवाखाना.
डॉक्टरीणबाई निळं किती, पिवळं किती, पट्टीने मोजतील.
वळालासुद्धा वय असतं, हे मला तिथे कळलं.

मग पंचनामा.
खालचा इस्त्रीवाला आणि अजून कुणीतरी
तुझ्या ओट्याशी अवघडून उभे राहतील,
मिसळणाच्या डब्याकडे बघतील.
सवयीने तुझा हात चहाच्या पातेल्याकडे जाईल.
चहा करू नकोस.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो नाक्यावर दिसेल.
हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.
दिसेल. जामिनावर, नाहीतर नुसत्या नोटिशीवर,
तोच शर्ट घालून, वडापाव खात.
पाय लटपटले तर केस हरलीस असं समजू नकोस.
जवळ आला, बोलला, धमकी दिली,
तर तारीख-वेळ लिहून ठेव आणि मॅडमना फोन लाव.

फोन तुलाही येतील.
साताऱ्याहून सासूचा, कांदा-बटाटा मार्केटातून मुकादमाचा,
सगळ्यात उशिरा तुझ्या सख्ख्या भावाचा.
मिटव म्हणतील,
जशी काही छत्री आहे.

आणि एक. हे मी कोपरखैरण्यात कुणाला बोललेले नाही.
आठवण येते.
दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडून दोन कप चहा टाकला गेला,
दोन्ही मीच प्यायले,
आणि सोमवारी जाऊन लिहून दिलं,
मला पुढे काही करायचं नाही.
गोवारी मॅडम काही बोलल्या नाहीत.
कागद फक्त खालच्या खणात ठेवला.
नऊ महिन्यांनी पुन्हा गेले,
हात गळ्यात बांधलेला,
तर म्हणाल्या, "बस."
आधी का नाही आलीस, हे तेवढं त्यांनी विचारलं नाही.

बेलापूरच्या कोर्टाच्या तारखा मोजू नकोस.
एकदा साहेब रजेवर, एकदा त्याचा वकील,
एकदा मीच, ओंकारला गोवर आला होता.
निकाल? नाही अजून.
मग मिळालं काय, असं तू परवाच विचारलंस
आणि मी कपडे वाळत घालत राहिले.
हे मिळालं, बघ:
रात्री जिन्यात पावलं वाजतात,
कुलपात किल्ली फिरते,
आणि ती शेजारच्यांची असते.

झोप आता. कडी लाव.
साडेनऊला खाली ये, मी रिक्षा थांबवून ठेवते.
आधारच्या तीन झेरॉक्स लागतात,
सुटे आण, तो दुकानदार देत नाही.