साडेनऊ

फेरो बेटांतल्या एका खाडीकाठी,
मासे खारवायच्या जुन्या शेडमध्ये
डोंगर ठेवलाय, मीटरमीटरने, लाकडी पेट्यांत.
सुन्नवा गुडघे टेकून बसते. टेप, वही, पाण्याची फवारणी.
पाणी बसलं की बेसाल्ट जागा होतो:
पांढरे ठिपके, हिरवट रेघा,
अजून थोडा खारवलेल्या माशांचा वास.

नियम एवढाच.
दहा सेंटिमीटरहून लांब कांडी मोजायची, आखूड सोडायची.
नऊची कांडीही तितकीच टणक असते,
हातोडी उडते तिच्यावरून.
तरी ती मोजणीत नाही.
एक हानुसने दाराला लावून ठेवलीय, वाऱ्यासाठी.

हानुस ड्रिल चालवतो, बोलतो कमी.
"प्रयोगशाळेला कुठल्या पाठवू?"
आणि उत्तराआधीच उचलतो
लांब, सरळ, बिनडागी कांड्या,
पाहुण्यांसाठी आईने जपलेले कप काढावेत तशा.
बोटीने जातात. आकडे येतात:
दोनशे मेगापास्कल. दोनशे वीस.
इंजिनिअर खूश.
जी पेटीतच दुभंगली ती बोटीत चढलीच नाही.
तिचा आकडा कुणाकडेच नाही.

सांधा. काय शब्द आहे.
दोन भाग सुटले, त्या जागेलाच म्हणायचं सांधा.
कुणी घाव घातला नव्हता.
लाव्हा निवत गेला, निवताना आक्रसला,
आणि आतल्या आत रेघा पडल्या, झाडासारख्या सरळ.
पुढे त्या रेघांत पाणी शिरलं,
पाण्यामागून हिरवी माती आली, साबणासारखी.
सुन्नवा ती चिमटीत धरून पाहते.
बोट बोटावर थांबत नाही.

या खेपेला तिने तीन वेगळ्या पाठवल्या, हानुसला न विचारता.
तिन्हींवर दाब सारखा, वरून खाली.
आडवा सांधा: ताटांच्या चवडीसारखा उभा राहिला, एकशे नव्वद.
जवळजवळ उभा: एकशे पन्नासपर्यंत टिकला.
साठ अंशांत तिरका: एकेचाळीस.
अहवालात लिहिलं होतं, नमुना फुटला.
तिने पेनने खोडलं. सरकला.
दगडाला काहीच झालं नव्हतं, दोन्ही अर्धे धडधाकट,
एक दुसऱ्याच्या खांद्यावरून उतरला, इतकंच.

"म्हणजे बोगदा वळवायचा?" हानुस विचारतो.
वीस अंश. मग रेघा आडव्या छेदता येतील.
"तीनशे मीटर वाढतील."
"हो."
"वर ऐकणार नाहीत."
"बहुतेक नाही."
तो कॉफीचा थर्मास तिच्याकडे सरकवतो.

खाडीपलीकडे जिथे बोगदा निघायचाय
तिथे आर्मगार्डचं घर, पिवळ्या खिडकीचं.
बहिणी भांडल्या नव्हत्या कधी.
वडील गेल्यावर मेंढ्यांची वाटणी झाली,
वाटणीही बरोबर झाली होती,
मग एक ख्रिसमस चुकला,
मग दुसरा, वादळामुळे,
मग वादळाचं नावही घ्यावं लागेना.

आता गाडीने सात मिनिटं लागणार म्हणे.
सात मिनिटांच्या अंतरावर काय बोलायचं असतं
याची तिला थोडी धास्तीच वाटते.

हानुस दार लोटतो. कांडी घसरते, पुन्हा अडते.
खिडकीत दिवा लागलाय.
सुन्नवा पाणी मारते, टेप ताणते,
वहीत लिहिते: साडेनऊ.
आणि तिच्यापुढे, रकान्याबाहेर,
बारीक अक्षरात, सांध्याचा कोन.