अंक सतरावा

मल्लेशम आता पुण्यात असतो. त्याचे वीर
गुळगुळीत कागदावर उडतात,
काचेच्या इमारतींचं कुठलंसं शहर वाचवतात
बावीस पानांत, वेळेवर.
चांगलं लिहितो. मी विकत घेऊनच वाचतो.

पण पहिले सोळा अंक माझ्याकडे आहेत,
चादरीच्या नमुन्याच्या चौकटी कागदावर काढलेले,
कारण दुसरा कागद नव्हता
आणि मला दुसरं काढता येत नव्हतं.
कारखान्यात मी मोर काढायचो, कमळं काढायचो,
एक चौकट म्हणजे एक धागा.
म्हणून आमच्या वीरांची नाकं जिन्यासारखी,
गालांना पायऱ्या.
वर्तुळापाशी माझा हात अडला की मल्लेशम म्हणायचा,
राहू दे, चौकोनी चालेल,
सोलापूरचा सूर्य आहे, टोचायलाच पाहिजे.

तिसऱ्या अंकात चौथवार आला.
त्याला शक्ती नळासारखी यायची,
चार दिवसांनी एकदा, पहाटे साडेतीनला, पाऊण तास.
गावातल्या सगळ्या चोरांना वेळापत्रक पाठ.
त्या पाऊण तासात तो आधी
गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे हंडे भरायचा,
उरलं तर न्याय.

मग हजारबोटी.
ती कुणाला मारत नाही, फक्त मोजते.
खलनायक सहा पानं भाषण करतो,
ती मांडीवर सूप घेऊन त्याचे शब्द मोजते
आणि शेवटी बाजूला सारते :
सत्तावीस छाट.
मल्लेशमची आई विड्या वळता वळता तो अंक बघत राहिली,
तेलुगूत काहीतरी म्हणाली.
काय, ते त्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

नववा अंक भोंग्याचा.
गिरणी बंद पडली, मग तिचा आवाज गेला कुठे,
असा त्याचा प्रश्न.
वीर म्हणजे तो आवाजच. काढणार कसा?
आठ पानं मी कोरी सोडली,
खाली कडेला नुसती माणसं, वर बघणारी,
एकाचा हात डब्याच्या झाकणावर थांबलेला.
गड्ड्याच्या जत्रेत, मौतच्या विहिरीशेजारी,
दोन रुपयांना अंक, वर शेंगांची पुडी फुकट,
एक गिऱ्हाईक परत आलं : छापायचं राहिलंय हो.
मल्लेशमने पैसे परत दिले.
इतका खूश मी त्याला नंतर कधी पाहिला नाही,
बक्षीस घेतानाच्या फोटोतसुद्धा.

अकरावा कुणालाच कळला नाही. मलाही उशिरा.
ताण्याने, म्हणजे वरून खाली वाचला
तर पोरगा जिंकतो.
बाण्याने, म्हणजे आडवा वाचला
तर तोच पोरगा बापाचा माग भंगारात घालतो, किलोवर.
मधोमध एका चौकटीत
दोन्ही गोष्टी एकमेकींना ओलांडतात.
तिथे तो फक्त घाम पुसतो.

आणि धागापुरुष, जो शेवटपर्यंत टिकला.
टिकला म्हणजे, संपत गेला.
कुणाला वाचवायचं तर अंगातला एक धागा ओढायचा,
की त्याची दोरी, शिडी, झोळी, काय लागेल ते.
बाराव्यात त्याचा डावा पाय गेला,
चौदाव्यात छाती,
पंधराव्यात त्याने एका बाळाला पांघरूण दिलं
आणि तोंड गमावलं, त्यामुळे सोळाव्यात संवाद नाहीत.
सोळाव्याच्या शेवटी उरतो एक कान,
विजेच्या तारेवर, कावळ्यासारखा.

त्याच आठवड्यात पुण्याहून पत्र आलं.
जाताना त्याने सतराव्याची संहिता दिली,
पाठकोऱ्या पावतीवर एक ओळ :
कान ऐकतो. काय ऐकतो ते तू काढ.

पंचवीस वर्षं झाली.
आता नमुने संगणकावर निघतात, मोर तोच आहे.
चौकटी कागदाचं एक दस्त मी ठेवलंय बाजूला,
कडा पिवळ्या पडल्यात.
कधी पेन्सिल घेऊन बसतो.
मागच्या गल्लीतले माग खडखडत असतात, मग वीज जाते,
आणि पोरं ओरडतात,
आणि कुणीतरी हंडा सरकवतं फरशीवरून,
मी पहिली चौकट मोजतो.